कालनिर्णय बघून अंदमान

आमच्या गल्लीत अंदमानला जाऊन आलेली निदान चार घरं आहेत आणि चारही घरांचे फोटो सेम टू सेम. सेल्युलर जेलच्या गेटसमोर एक, राधानगर बीचवर पँट दुमडून एक, काचेच्या तळाच्या बोटीत वाकून बघताना एक आणि शेवटचा विमानाच्या खिडकीतनं दिसणाऱ्या पंखाचा. पाच रात्री सहा दिवस, नाश्ता-जेवण सकट. मी पण तेच बुक करणार होते, पैसे भरायचेच बाकी होते. पण आबांना फोटो दाखवले तर म्हणाले, "बोटीत बसून खाली बघायचं आन् परत यायचं आसंल तर रंकाळ्यात बोटिंग हाय की. त्यासाठी समुद्र कशाला वलांडायचा?"

आबा म्हणजे माझे वडील. एसटीत ड्रायव्हर होते, ३१ वर्षं, रिटायर होऊन नऊ झाली. कोल्हापूर-रत्नागिरी आंबा घाटानं इतक्या वेळा केलंय की अजून झोपेत डावा पाय क्लच दाबतो असं आई म्हणायची. पन्हाळा ते पावनखिंड दरवर्षी चालत जातात, गुडघे माझ्यापेक्षा चांगले आहेत. त्यांची अट एकच, जिथं जाऊ तिथं पायानं फिरायचं. मी म्हटलं, "मग मी पण चालतो, पण दम लागला की थांबायचं." (हो, आम्ही कोल्हापूरच्या बायका घरात 'येतो-जातो'च म्हणतो, पुणेकरांनी कमेंटमध्ये व्याकरण काढू नये.)

मग मी पॅकेज सोडलं आणि नील बेटावरच्या एका गाईडचा नंबर मिळवून फोन केला, त्यानं पहिलाच प्रश्न विचारला की अमावस्या-पौर्णिमा कधी आहे तुमच्याकडं बघा, त्याच्या आगेमागे या, तेव्हा ओहोटीला पाणी जास्त आत जातं आणि कोरल, म्हणजे प्रवाळ, पायानं चालत बघता येतं. आबा तिथंच शेजारी बसलेले, उठले आणि भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणलं. महाशिवरात्र, तिच्या मागोमाग अमावस्या. झालं, तारखा ठरल्या. अंदमानची ट्रिप कालनिर्णय बघून ठरवणारे आम्हीच असू असं मला वाटत होतं, पण नंतर कळलं की तिथले लोक पण असंच करतात, फक्त त्यांच्या भिंतीवर बंगाली पंजिका असते.

प्रवासाचं फार लिहीत नाही. रात्रीची बस बेंगळुरूला, तिथनं विमान. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालंय पण बस कंडक्टरपासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळे पोर्ट ब्लेअरच म्हणतात, म्हणून मी पण तेच लिहिते. एक गोष्ट मात्र आधी कुणीतरी सांगायला पाहिजे होती, तिथं घड्याळ आपलंच पण सूर्य आपला नाही. आपल्यापेक्षा इतकं पूर्वेला आहे की संध्याकाळी साडेपाचला सूर्य बुडतो आणि सहाला मिट्ट काळोख. पहिल्या दिवशी आम्ही 'पाचला निघू जरा फिरायला' म्हटलं आणि मोबाईलच्या बॅटरीत परत आलो. पुढचं सगळं वेळापत्रक यावरच ठरलं, पहाटे चारला उठायचं आणि दिवे लागायच्या आत खोलीवर. आबांना काही फरक पडला नाही, त्यांची पहिली गाडी पाचचीच असायची.

सेल्युलर जेल बघितलं. १९०६ ला बांधून पूर्ण झालेलं, सात विंगा होत्या त्यातल्या तीनच उरल्यात. आबा सावरकरांच्या कोठडीत गेले, बाहेर आले आणि एवढंच म्हणाले की अकरा साली माणूस आत आला न् एकवीस साली भाईर पडला, मी दहा वर्षात किती वेळा पोरींनो तुमच्यासाठी घरी आलो आसंन. त्यानंतर बराच वेळ काही बोलले नाहीत. मी पण नाही.

आता नील. सरकारी नाव शहीद द्वीप, २०१८ ला बदललं, शेजारच्या हॅवलॉक बेटाचं स्वराज द्वीप. बेट एवढंसं आहे की सायकलवर अर्ध्या दिवसात फिरून होतं. फाळणीनंतर पूर्व बंगालातनं आलेल्या लोकांना सरकारनं इथं वसवलं, त्यांनी गावांना नावं दिली रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. आबा म्हणाले बाकीचं रामायण कुठं ऱ्हायलं? गाईड पंचविशीचा पोरगा, त्याचे आजोबा त्या पहिल्या लोकांतले, घरात बांगला आणि बाहेर हिंदी. बेटावर भाताची शेती, भाजीचे मळे, केळी, सुपारी. समुद्र दिसला नाही तर आपण राधानगरीच्या रस्त्याला आहोत असंच वाटावं. (राधानगर-राधानगरीचा घोळ आबांनी पूर्ण ट्रिपभर घातला, हॅवलॉकच्या रिक्षावाल्याला "राधानगरी बीच" म्हणाले, तो पण बिचारा "हां हां चलो" म्हणाला.)

दुपारच्या ओहोटीला लक्ष्मणपूरच्या त्या नैसर्गिक दगडी कमानीकडं गेलो. तिथं बहुतेक लोक कमानीखाली फोटो काढतात आणि परततात. मला खरं सांगायचंय ते कमानीच्या पुढचं. समुद्र जिथं सकाळी होता तिथनं शंभर-दीडशे पावलं आत गेलेला, आणि मागं राहिलेला सगळा खडकाळ पट्टा, त्यात डबकी, काही घोट्याएवढी, काही गुडघ्याएवढी. लांबनं बघितलं तर काळपट चिखल. मी मनात म्हटलं यासाठी आलो काय आपण. गाईड म्हणाला, "अंकल, पैर रेत पे रखना, पत्थर पे नहीं. पत्थर ज़िंदा है."

आणि मग एका डबक्याशी तो उकिडवा बसला आणि आम्हाला बसवलं. पाच मिनिटं काहीच नाही. डोळे सरावले की दिसायला लागतं, आणि एकदा दिसायला लागलं की थांबत नाही. मेंदूसारख्या वळ्या असलेला हिरवट गोळा, कलिंगडाएवढा. त्याच्या शेजारी हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या, टोकं फिकट जांभळी. एका खडकात शिंपला रुतलेला, दोन ओंजळीएवढा, तोंड अर्धं उघडं आणि आत निळी मखमल, खरोखर मखमल, गुजरीतल्या सोनाराच्या डबीत असते तसली, त्यावर हिरवे ठिपके. गाईडनं हात वर धरला, सावली पडल्याबरोबर शिंपल्यानं ओठ मिटले आणि पाण्याची पिचकारी उडवली. आबांनी पण हात धरला, परत मिटला. तिसऱ्यांदा हात न्यायला लागले तर पोरगा म्हणाला बस अंकल, त्याला खायला मिळायचं ते उघडं असतानाच, सारखं मिटवलं तर उपाशी राहतो. आबांनी हात मागं घेतला, आणि मग मलाच म्हणाले, "सावली पाडू नकोस गं तिकडं."

पुढं काळा जाडजूड दोडका पडलेला, मला वाटलं कुणीतरी भाजी टाकलीय. तर ती समुद्रकाकडी. वाळू गिळते, त्यातलं खाण्यासारखं काढून घेते आणि स्वच्छ वाळू मागनं सोडते. आबा हसले. मग गाईड म्हणाला हे तर काहीच नाही, इथं पोपटमासा असतो, चोचीसारखे दात, तो कोरलच कुरतडतो आणि त्याच्या पोटातनं जे बाहेर पडतं त्याची ही पांढरी वाळू, सगळी नाही पण बराच वाटा त्याचा. आबांनी मागं वळून त्या पांढऱ्याशुभ्र किनाऱ्याकडं बघितलं.

"म्हंजे ही सगळी माशाची..."

"हो आबा."

"आन् आपल्या गल्लीतल्या सगळ्यांनी त्यात लोळून फोटो काढल्यात."

आबांच्या उजव्या हाताच्या बोटात पोवळ्याची अंगठी आहे. एसटीत लागले तेव्हा आजीनं गुजरीतनं करून घातलेली, मंगळासाठी, गाडी हातात असती म्हणून मंगळ सांभाळायला पाहिजे. ३१ वर्षांत एक मोठा अपघात नाही, त्यामुळं अंगठीवर त्यांचा विश्वास ठाम. आता ते डबक्यात बघत होते, अंगठीकडं बघत होते, शेवटी विचारलंच की ह्यातलं लाल कुठलं? तर गाईडला पण ते माहीत होतं, बहुतेक आपल्यासारखे शंभर जण विचारत असणार. दागिन्यातलं लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं, खोल अंधाऱ्या पाण्यात वाढणारं, ते असले उथळ रीफ, म्हणजे कोरलचे खडक, बांधत नाही. हे वेगळं, याला ऊन लागतं. नात्यात म्हणाल तर लांबचे चुलत.

ऊन कशाला लागतं ते सांगताना त्यानं जे सांगितलं ते मी माझ्या शब्दात लिहिते. कोरल म्हणजे दगड नाही आणि झाड पण नाही, बारीक बारीक प्राण्यांची चाळ. प्रत्येक प्राणी आपल्याभोवती चुन्याची खोली बांधतो. आणि त्याच्या अंगात एकपेशी शेवाळ राहतं, ते उन्हात साखर बनवतं, उसासारखीच, आणि त्यातली बरीचशी मालकाला देतं. बदल्यात राहायला जागा आणि खत फुकट. रंग पण बराचसा त्या शेवाळाचाच. पाणी नेहमीपेक्षा अंशभर-दोन अंश जास्त तापलं आणि तसंच काही आठवडे राहिलं की हा संसार मोडतो, कोरल त्या शेवाळाला बाहेर काढतो, पांढरा पडतो, आणि पाणी लवकर गार झालं नाही तर उपाशी मरतो. २०१० ला अंदमानात हे लई मोठ्या प्रमाणात झालं, २०१६ ला परत. आबा ऐकत होते. म्हणाले, "म्हंजे साखर कारखानाच की. फकस्त ह्यो ऊसवाल्याचं बिल येळंवर देतोय."

आणि वाढ किती, तर फांद्यावाला वर्षाला दहा सेंटिमीटर किंवा जरा जास्त वाढेल, पण तो मेंदूसारखा गोळा वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर. म्हणजे आमच्या समोरचं ते कलिंगड बहुतेक माझ्या वयाचं तरी होतं. त्यानंतर मी पाऊल टाकताना तीनदा खाली बघत होते. तेवढ्यात एक फॅमिली आली, चप्पल सटकायला नको म्हणून लेकराला त्याच गोळ्यावर उभं केलं, फोटो काढला, गेली. गाईड ओरडला, पण झालं ते झालं. मी गप्प बसले याचं मला अजून वाईट वाटतं, बोलायला पाहिजे होतं.

एक कामाचं सांगते, तिथं जाताना जुनी फ्लोटर किंवा जाड तळाची सँडल घाला जी पायाला बांधलेली असेल. आबांनी स्लिपर घातलेल्या, एक डबक्यात निघाली आणि सागरी साळूच्या काट्यांपासून वीतभर अंतरावर पाय टेकला. आणि पाणी परत फिरलं की गाईड म्हणेल तेव्हा निघायचं, अजून एक फोटो नाही. आम्ही निघालो तेव्हा घोटा बुडत होता, पंधरा मिनिटांनी मागं वळून बघितलं तर ती सगळी डबकी, ती मखमल, कलिंगड, काही नव्हतंच, नुसता समुद्र.

हॅवलॉकला एलिफंट बीचवर सगळे स्पीडबोटीनं जातात. आम्ही जंगलातनं. रस्त्याच्या कडेला वाट सुरू होते, गाईड बरोबर, दोनेक किलोमीटर असेल, पाऊण तास. बूट भरतील एवढा चिखल एकाच ठिकाणी, बाकी सोपी. पण झाडं! आपल्याकडं दाजीपूरचं जंगल मी बघितलंय, तरी मान एवढी मागं टाकावी लागली नव्हती. बुंध्याला भिंतीसारखी मुळं फुटलेली, एका मुळाच्या आडोशाला आबा बसले तर दिसेनात. पूर्वी इथं लाकूडतोडीला हत्ती ठेवलेले, त्यावरनं बीचचं नाव. शेवटी खारफुटी लागते आणि एकदम उजेड, आणि किनाऱ्यावर उन्मळून पडलेले पांढरे झालेले ओंडके, २००४ च्या त्सुनामीतले म्हणून सांगतात.

आबा पंचगंगेच्या घाटावरनं पुराच्या पाण्यात उड्या मारणारी पिढी. स्नॉर्कलिंग म्हणजे काय, पोहायचंच की. मास्क लावला, नळी तोंडात धरली, आत गेले आणि दोन सेकंदात फुसफुसत वर. नाक बंद आणि तोंडानं श्वास, हे जन्मात केलेलं नाही. तीनदा तेच. ओंडक्यावर जाऊन बसले आणि तोंड फिरवून म्हणाले, तू बघ, मी बसतो. मी म्हटलं, आबा, गाडी शिकताना तुम्ही मला काय सांगितलेलं, क्लच सोडायची घाई करू नको. काहीच बोलले नाहीत. मग जरा वेळानं स्वतःच उठले, कंबरेएवढ्या पाण्यात उभं राहून नुसतं तोंड बुडवून श्वास घ्यायची प्रॅक्टिस केली, दहा मिनिटं, लोक हसत होते. आणि मग माझा हात धरून आडवे झाले. पाण्याखाली त्यांनी माझा हात दोनदा दाबला, बाजूनं पट्ट्यापट्ट्यांच्या माशांची अख्खी यात्रा चाललेली. जोतिबाच्या यात्रेत सासनकाठ्या वळतात तसे सगळे एकदम वळले.

तरी खरं ते लिहिते, किनाऱ्याजवळचं बरंच कोरल तिथं मेलेलं आहे, करडा चुरा पडलाय. जिथं बोटी आणि पाय कमी तिथं जिवंत. नीलच्या डबक्यात जे बघितलं त्याच्यापुढं हे मला फिकं वाटलं, आणि तिथं तर पोहावं पण लागलं नाही.

आता आबांची आवडती गोष्ट, बस. आम्हाला उत्तर अंदमानात दिगलीपूरला जायचं होतं, सॅडल पीक चढायला. पोर्ट ब्लेअरहून तीनशेच्या वर किलोमीटर, पहाटे चारची सरकारी बस, आणि तिच्यावर नाव काय, तर एसटीएस, स्टेट ट्रान्सपोर्ट सर्व्हिस. "हितं बी एसटी!" आबांचा चेहरा बघण्यासारखा. ड्रायव्हरच्या मागची सीट पकडली. ड्रायव्हर तमिळ, कंडक्टर बंगाली, शेजारची मावशी रांचीकडची, सगळे एकमेकांशी हिंदीत. मोडक्या हिंदीत आबांनी ३१ वर्षांची सर्व्हिस सांगितली आणि रंगतला चहा थांब्यावर ड्रायव्हरनं त्यांचे पैसे देऊ दिले नाहीत. माझे दिले.

जिरकाटांगला गेट आहे, तिथनं पुढं जारवा आदिवासींचं राखीव जंगल. गाड्या ताफ्यानं सोडतात, पहिला सहाला. मध्ये थांबायचं नाही, फोटो नाही, काही द्यायचं नाही. नियम चांगला आहे, पण बसमधले चार-पाच टुरिस्ट काचेला नाक लावून बसले, दिसतायत का, दिसतायत का, वाघ बघायला आल्यासारखं. आबांनी मला हळूच सांगितलं, आपल्या घरासमोरनं रोज बस गेली आन् लोक वाकून बघाय लागले तर. त्यांनी खिडकीकडं पाठच केली. पुढं मिडल स्ट्रेटला आख्खी बस बोटीवर चढवतात. पाण्यात गाडी घालायची नाही ही जन्माची सवय, त्यामुळं ती पाच-दहा मिनिटं आबा हँडब्रेककडं बघत उभे होते. त्यानंतरच्या खाडीवर आता मोठा पूल झालाय. बारा तासांनी दिगलीपूर. रस्त्याबद्दल आबांचं मत: "आंबा घाट परवडला."

सॅडल पीक ७३२ मीटर, अख्ख्या अंदमान-निकोबारात सगळ्यात उंच. आबा म्हणाले हात्तिच्या, आपला पन्हाळा साडेआठशेच्या आसपास हाय. बरोबर आहे, पण कोल्हापूरच साडेपाचशे मीटरवर आहे, आपण पन्हाळा चढतो म्हणजे खरं तर तीनशेच मीटर चढतो. इथं लामिया बेला समुद्रात पाय धुऊन शून्यापासनं सुरुवात. हे गणित मी त्यांना खाली सांगितलं तेव्हा पटलं नाही, वर पटलं.

चौकीवर नाव नोंदवून सहाला निघालो. एका बाजूनं आठेक किलोमीटर. आधी समुद्राला धरून, गोल गोट्यांवरनं, ओढे ओलांडत, हा भाग लोकांना सोपा वाटतो पण घोटे इथंच जातात. मग डावं-उजवं काही न करता वाट सरळ वर उठते. मुळांच्याच पायऱ्या, वेताची काटेरी जाळी, पडौक आणि गुर्जनची झाडं, आणि वारा अजिबात नाही. पावनखिंडीच्या वाटेवर पाऊस असतो, चिखल असतो, पण गार असतं. इथं उकडलेल्या बटाट्यासारखी अवस्था. शर्ट पिळला तर पाणी. मी दर दोनशे पावलांना थांबत होते, आबा काठी टेकत एका लयीत, घाटात सेकंड गिअरमध्ये गाडी चालावी तसे.

गाईडनं खालीच सांगितलेलं की अकरा वाजले की जिथं असू तिथनं मागं, कारण अंधार. अकरा वाजले. झाडांच्या फटीतनं खाली समुद्र दिसत होता, कडेला फिकट हिरवा, मग एक पांढरी रेघ, ती रीफ, तिच्यापलीकडं एकदम गडद निळा. टोक अजून तासभर तरी होतं, माझ्या स्पीडनं दीड. आबा म्हणाले, तुम्ही बसा, मी जाऊन येतो. गाईड नाही म्हणाला. आबा म्हणाले, पोरा, तुझ्या वयापेक्षा माझी सर्व्हिस जास्त. तो म्हणाला, "अंकल, आपकी बस में पैसेंजर बोलता था तो आप टाइम से पहले छोड़ते थे क्या?" त्यावर काय बोलणार. खाली बसून भाकरी आणि खर्डा काढला, खर्डा मी घरनं डबा भरून नेलेला, गाईडनं एक बोट चाटलं आणि डोळ्यातनं पाणी काढत परत मागितला. टोकाला गेलो नाही, हे गल्लीत अजून आबांनी कुणाला सांगितलेलं नाही. (आता कळेल.)

उतरताना त्यानं एक गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यात राहिली. २००४ च्या भूकंपात इकडं उत्तर अंदमानचा पश्चिम किनारा वर उचलला गेला, काही ठिकाणी मीटरभर, आणि पाण्यातलं कोरल कायमचं उघड्यावर आलं, उन्हात वाळून मेलं. आणि त्याच वेळी तिकडं पोर्ट ब्लेअरची बाजू खाली बसली, सिप्पीघाटची भातशेती खाऱ्या पाण्यात गेली. आबा म्हणाले तराजूच की. मला मात्र नीलचं ते कलिंगड आठवत होतं, ओहोटी आली की दोन तास कळ काढायची आणि भरतीची वाट बघायची एवढंच त्याला माहीत, आणि एक दिवस भरती येतच नाही.

रॉस आणि स्मिथ ही जोड बेटं दुसऱ्या दिवशी केली, एरियल बेहून बोट, दोन बेटांमध्ये वाळूची वाट, भरतीला झाकते ओहोटीला उघडते. सुंदर आहे, फोटो गल्लीसाठी पुरेसे आले. कालीपूरला कासवांची अंडी राखतात ते पण बघितलं. तिथल्या वाळूतल्या बारीक चावणाऱ्या माश्यांनी माझ्या पायांची चाळण केली, पंधरा दिवस खाजवत होते, खोबरेल चोपडून जा.

परतीला विमानतळावर सामान मशीनमधनं गेलं आणि आबांची पिशवी बाजूला काढली. मला वाटलं खर्ड्याचा डबा. तर तपासणीच्या साहेबांनी पिशवीतनं गंजीफ्रॉकात गुंडाळलेला एक पांढरा तुकडा काढला, मेलेलं कोरल, बोटाएवढं, शिंगाच्या फांदीचं टोक. किनाऱ्यावर पडलेलं उचललेलं, नातवानं सांगितलेलं काहीतरी आण म्हणून. आबा मला काही बोलले नव्हते. साहेब शांतपणे म्हणाले, मेलेलं असलं तरी नेता येत नाही, वन्यजीव कायद्यात कोरल वाघाच्याच यादीत येतं. आणि शेजारचा खोका दाखवला, तो अर्धा भरलेला, शंख, शिंपले, फांद्या, एक चांगला डोक्याएवढा गोळा.

आबांनी काही वाद घातला नाही. तुकडा स्वतः उचलून त्या खोक्यात अलगद ठेवला, आपटला नाही. मग पिशवी घेतली, माझ्यामागं चालायला लागले. दोन पावलं गेल्यावर थांबले, मान वळवून एकदा साहेबाकडं बघितलं, आणि उजव्या हाताच्या अंगठीचा खडा अंगठ्यानं हळूच तळहाताकडं फिरवून मूठ मिटली.

"आबा, ती चालतीय."

"चालतीय," आबा म्हणाले, "पर इचारलं तर?" आणि विमानात बसेपर्यंत मूठ उघडली नाही.